साधी यंत्रे : पुस्तकातली आणि काळाचौकीतली

‘साधी यंत्रे’ हा पाठ आपल्या शालेय विज्ञानात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. कात्री, अडकित्ता, चिमटा, विहिरीवरची कप्पी ही त्यातली ठरलेली उदाहरणे. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही घरच्या वस्तू आणून तो शिकवता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र तो ज्या रीतीने शिकवला आणि तपासला जातो, तिच्याविषयी आमच्या तीन तक्रारी आहेत.

त्या पडताळायला काळाचौकी बरी. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर आणि जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आल्या. पाया खणणारे पोकलेन आणि डोक्यावर फिरणारी टॉवर क्रेन इथल्या मुलांना अडकित्त्याहून अधिक ओळखीची आहेत.

पहिली तक्रार व्याख्येची. कमी श्रमात, कमी वेळात जास्त काम करून देते ते यंत्र, असे वर्गात पाठ होते. आता क्रेनची आकडी पाहा. ती बहुधा दोन किंवा चार पदरी दोरावर लोंबत असते. चार पदर असतील तर १ टन भारासाठी दोरावर पाव टनच ताण येतो. पण भार १ मीटर वर जायला ४ मीटर दोर गुंडाळावा लागतो. दोर त्याच वेगाने गुंडाळला, तर वेळही चौपट. बल वाचले, कार्य वाचले नाही. घर्षणामुळे थोडे वाढलेच. ही किंमत व्याख्येत कुठेच दिसत नाही.

दुसरी तक्रार वर्गीकरणाची. ‘तरफेचा प्रकार ओळखा’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, आणि पहिल्या प्रकारची तरफ म्हणजे बलाचा फायदा, अशी समजूत मुले करून घेतात. पोकलेनचा जाड, वाकडा हात बुडाशी टेकलेला असतो. त्याला उचलणारा दट्ट्या मध्यावर आणि भार टोकाला, म्हणून ही तिसऱ्या प्रकारची तरफ झाली. पुढच्या दंडात टेकू मध्ये येतो, म्हणजे प्रकार पहिला. पण दट्ट्याची बाजू आखूड आणि बादलीची लांब, त्यामुळे इथेही बलाचा तोटाच होतो. मग असा तोटा कोणी का सोसावा? कारण दट्ट्यामागच्या तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ३५० पट असू शकतो. १०० चौरस सेंटीमीटरच्या दट्ट्यावर तो सुमारे ३५ टनांचे बल देतो. बल भरपूर, सरक मात्र थोडी. तरफ त्या बलाच्या मोबदल्यात लांब पल्ला आणि वेग मिळवून देते. चिमट्याचे तत्त्वही हेच आहे, पण ‘का’ हा प्रश्न चिमटा पाहून सहसा पडत नाही.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. आपल्या पाठात टेकू कधी ढळत नाही. क्रेनचा सारा हिशेब तोल जाऊ नये म्हणूनच असतो. खांबापासून १० मीटरवर ६ टन पेलणारी क्रेन ४० मीटरवर ढोबळमानाने दीडच टन पेलेल. दोन्हीकडे भार गुणिले अंतर ६० येते. मागच्या आखूड दांड्यावरचे काँक्रीटचे ठोकळे हा तोल सावरतात. क्रेनचालकासमोरचा भारतक्ता म्हणजे मुख्यतः हाच गुणाकार. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचे प्राण गेले. अपघाताची कारणे हा चौकशीचा विषय. पण अशा यंत्रांखाली माणसे काम करतात आणि त्यांची मुले आपल्या वर्गात बसतात, याचा विसर पडू नये.

पाठ बदलायची वाट न पाहता शिक्षकांना एवढे करता येईल. बांधकामाजवळ न जाता, गच्चीवरून किंवा खिडकीतून क्रेन दाखवावी. दोराचे पदर मोजायला लावावेत. भार लांब नेताना तो हलका असतो का, याची आठवडाभर नोंद ठेवायला सांगावी. मग ‘प्रकार ओळखा’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न घालावा : हे यंत्र काय देते, आणि त्याच्या बदल्यात काय घेते? सहावीच्या मुलाला एवढे उत्तर देता आले, तर पुढे कार्य आणि ऊर्जा शिकवणाऱ्या शिक्षकाचे निम्मे काम झालेले असेल.