स्वाक्षरी मागणारी अदिती

सत्यजित राय यांचा 'नायक' हा बंगाली चित्रपट १९६६ साली पडद्यावर आला. यशाच्या शिखरावर उभ्या असलेल्या नटाच्या एकाकीपणाचे चित्रण म्हणून समीक्षकांनी त्याची थोरवी वर्णिली आहे व ती यथार्थच आहे. तथापि आम्ही त्याकडे थोड्या आडवाटेने जाऊ इच्छितो. थोरामोठ्यांच्या स्वाक्षऱ्या जमवणे आणि त्यांच्यासमवेत छायाचित्र काढून घेणे हा छंद आज आपल्या घराघरांत शिरला आहे. या छंदात माणूस नेमके काय मागतो आणि त्याच्या हाती काय पडते, याचा इतका सूक्ष्म विचार करणारी दुसरी कलाकृती आमच्या पाहण्यात नाही.

कथानक साधे आहे. अरिंदम मुखर्जी हा लोकप्रिय नट पारितोषिक स्वीकारण्यासाठी दिल्लीस निघाला आहे. विमानाचे तिकीट न मिळाल्याने त्याला आगगाडीने जावे लागते. ही भूमिका उत्तमकुमार यांनी केली असून, बंगालच्या त्या काळच्या खऱ्याखुऱ्या नायकालाच नायकाच्या भूमिकेत उभे करण्यात रायांचे अर्धे चातुर्य आहे. गाडीतील प्रवासी त्याच्याकडे कौतुकाने, मत्सराने, क्वचित तिरस्काराने पाहतात. पण माणूस म्हणून पाहणारे कोणी नाही. भोजनाच्या डब्यात 'आधुनिका' या स्त्रियांच्या मासिकाची संपादिका अदिती (शर्मिला टागोर) स्वाक्षरीचे निमित्त करून त्याच्या टेबलाशी येते. तिला चित्रपटांचे वेड नाही. नटमंडळींविषयी तिच्या मनात किंचित उपहासच आहे. स्वाक्षरी मागणे हा तिचा बहाणा आहे, तर स्वाक्षरी देणे ही त्याची सवय. दोघांपैकी एकाचेही मन त्या कागदात नाही, आणि या रित्या व्यवहारातूनच राय आपली कथा उभी करतात.

कारण पुढे अरिंदम बोलू लागतो. सिनेमाकडे वळू नकोस, असे बजावणारे नाट्यगुरू शंकरदा. पहिल्या चित्रीकरणात त्याचा पाणउतारा करणारे व पुढे त्याच्याच दारी काम मागायला आलेले जुने नट मुकुंद लाहिडी. संपावरच्या कामगारांपुढे दोन शब्द बोल, अशी गळ घालणारा मित्र बीरेश. या मित्राचा प्रसंग आम्हांस सर्वांत मर्मभेदी वाटतो. जो माणूस अनोळखी माणसांच्या वह्यांत आपले नाव विनासायास लिहून देतो, त्याला मित्राच्या सभेत ते नाव उच्चारू देण्याचे धैर्य होत नाही. स्वाक्षरी देण्यात काहीच पणाला लागत नसते. तिथे मात्र सर्व काही लागणार होते.

स्वाक्षरीचे हे मर्म रायांना कोठून गवसले असावे? त्यांच्या बालपणातील एक प्रसंग सुप्रसिद्ध आहे. आईबरोबर शांतिनिकेतनास गेलेल्या लहानग्या सत्यजितने रवींद्रनाथांपुढे स्वाक्षरीची वही धरली. रवींद्रनाथांनी ती ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले. वही परत मिळाली तेव्हा तीत आठ ओळींची एक कविता होती. मुलगा मोठा झाला म्हणजे त्याला तिचा अर्थ कळेल, असे त्यांनी आईला सांगितले. दूर देश पाहण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला घराजवळचे दव दिसत नाही, असा त्या कवितेचा आशय. रवींद्रनाथांच्या निधनानंतर अशा स्फुट रचनांचा 'स्फुलिंग' हा संग्रह निघाला, त्यात ती आहे. एका मुलाच्या वहीसाठी महाकवीने एक रात्र राखून ठेवावी, ही गोष्ट आम्हांस कवितेइतकीच मोलाची वाटते. आगंतुकासारखी आलेली ती वही त्यांनी पत्राप्रमाणे स्वीकारली आणि तिला उत्तर लिहिले.

वस्तुतः या प्रथेचा उगमही असाच आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील विटेनबर्ग येथील विद्यार्थी आपल्या गुरुजनांकडून ग्रंथात किंवा वहीत चार ओळी लिहून घेत, खाली गुरूचे नाव असे. लूथर व मेलांक्थोन यांनी अशी वचने लिहून दिलेली आहेत. (विटेनबर्गचे नाव सेमिनरीत आमच्या कानी पडे ते अगदी निराळ्या कारणाने!) नाव हे मजकुराच्या शेवटी येत असे, ही बाब ध्यानात घ्यावी. पुढे मजकूर गळाला आणि नाव तेवढे उरले. आपल्याकडे महात्मा गांधींनी या उरलेल्या नावाचेही चीज केले: हरिजन निधीसाठी पाच रुपये दिल्याखेरीज ते सही देत नसत. वहीवाल्याची हौस अशी दुसऱ्याच्या कामी लागे.

नाव एकटे उरले की त्याचा बाजार होण्यास वेळ लागत नाही. नोबेल पारितोषिक मिळवणारे अमेरिकन गायक-कवी बॉब डिलन यांच्या ग्रंथाच्या 'स्वहस्ते स्वाक्षरी केलेल्या' प्रती २०२२ साली प्रत्येकी ५९९ डॉलरला विकण्यात आल्या. त्या सह्या ऑटोपेन नावाच्या यंत्राने उमटवल्या होत्या, हे ग्राहकांनीच ताडले. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलन यांनी दिलगिरी व्यक्त केली. ग्राहकांचा संताप न्याय्य होता, यात शंका नाही. पण त्यांच्या हाती अक्षर हुबेहूब तेच पडले होते. हळहळ होती ती त्या कागदावरून त्या माणसाचा हात फिरला नाही, याची. म्हणजे अखेर तहान स्पर्शाचीच होती.

या तहानेची थट्टा करणे आम्हां कॅथलिकांस शोभणार नाही. संतांचे अवशेष, त्यांची वस्त्रे, त्यांच्या हातची पत्रे आपण आदराने जतन करतो. मात्र पवित्र अवशेषांची विक्री करण्यास धर्मसभेच्या कायद्याने (कलम ११९०) सक्त मनाई आहे, आणि त्या मनाईत माणसाच्या स्वभावाची खोल पारख आहे. शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडित स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला मागून हात लावते. तिला तेवढेच हवे असते. तिचा विकार बरा होतो, कथा तेथे संपू शकली असती. पण येशू थांबतो, मागे वळतो आणि हात लावणारी कोण म्हणून गर्दीत तिचा शोध घेतो. स्पर्श झाला, भेट व्हायची होती.

आता छायाचित्रांविषयी. स्वतःच्या हाताने स्वतःसह काढलेल्या छायाचित्रास सेल्फी म्हणतात, हे सांगण्याची आता गरज नाही. त्यातील शरीरांची मांडणी मात्र नीट पाहिलेली बरी. ज्याच्या सहवासाचा पुरावा हवा, त्याच्याकडे आपण पाठ करतो! जुन्या वहीवाल्याला निदान समोर उभे राहावे लागे, लेखणी पुढे करावी लागे, नाव सांगावे लागे; त्या अर्ध्या मिनिटात नजरानजर होई. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणास एक नाट्यकलावंत पाहुणे म्हणून आले होते. दीड तास ते हसतमुखाने उभे होते आणि आमची तरुण मंडळी एकामागून एक त्यांच्याकडे पाठ करून हसत होती. टेबलावरचा चहा निवून गेला. निघताना ते आम्हांस म्हणाले, "फादर, इतक्या मंडळींत नाटक पाहिलेले कोणी होते का हो?" प्रश्नात तक्रारीचा सूर नव्हता, खरेच कुतूहल होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ऑगस्टमध्ये संत पीटरच्या महामंदिरात तरुणांच्या मोबाइलमध्ये डोके घालून हसत छायाचित्र काढू दिले, ते जगभर गाजले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते निवर्तले, आणि अंत्यदर्शनास आलेल्या काहींनी उघड्या शवपेटीसह सेल्फी काढल्या. अनेकांना याची किळस आली. आम्हांस खेद झाला, किळस मात्र आली नाही. त्या माणसांना जवळ जायचे होते आणि जवळ जाण्याची दुसरी रीत त्यांना कोणी शिकवलेली नव्हती. पहिल्या छायाचित्रात पोपमहोदयांनी स्वतः मान पुढे केली होती, हा भेद तेवढा विसरता येत नाही.

आता पुन्हा 'नायक'कडे. अदिती अरिंदमचे बोलणे त्याच्या नकळत टिपून घेत असते. तिच्या मासिकाला खप हवा आहे आणि अशी मुलाखत कोणालाही मिळालेली नाही. रात्री मद्याच्या अमलाखाली अरिंदम तिला बोलावून आणखी एक गोष्ट उघड करू पाहतो, तेव्हा ती त्याला थांबवते. जे सांगायचे ते तिला आधीच कळलेले असते. दुसऱ्या दिवशी भोजनाच्या डब्यात त्याच्या समक्ष ती टिपणाची पाने फाडते आणि पाण्याच्या पेल्यात टाकते. आठवणीतून लिहिणार का, असे तो विचारतो. ती ते आठवणीतच ठेवणार असते.

पापनिवेदन ऐकण्यात आयुष्याची काही दशके घालवलेल्या माणसाला या दृश्यात काय दिसते, हे वेगळे सांगावयास नको. तेथे ऐकलेले बाहेर नेता येत नाही, कागदावर तर नाहीच. अदितीवर असा कोणताही नियम नाही. तिने तो स्वतः घालून घेतला, म्हणून तिची कृती आम्हांस आमच्या मौनापेक्षाही थोर वाटते. स्वाक्षरीच्या बहाण्याने ती जे मागण्यास आली होती, त्याहून कितीतरी अधिक तिला मिळाले, आणि दाखवता येईल असे काहीही तिने मागे ठेवले नाही.

चित्रपट निर्दोष नाही. नोटांच्या राशीत बुडणाऱ्या नायकाचे आणि हाडांच्या हातांचे स्वप्न फारच ढोबळ आहे. रायांसारख्या संयमी दिग्दर्शकास ते कसे रुचले, याचे नवल वाटते. त्याहून मोठी उणीव म्हणजे अदितीची व्यक्तिरेखा. अरिंदमचे सारे आयुष्य आपल्याला कळते, तिचे जवळजवळ काहीच नाही. तिला कोणते दुःख आहे, तिच्या आशा काय, हे विचारावे असे अरिंदमला सुचत नाही आणि दिग्दर्शकालाही नाही. ऐकणाऱ्या माणसाचे ऐकायला कोणी नसते, हे खरेच असेल; पण कलावंताने ते वास्तव दाखवावे, त्यात सामील होऊ नये.

शेवट मात्र अजोड आहे. दिल्लीच्या स्थानकावर हार घेऊन लोक धावतात आणि काळ्या चष्म्याआड अरिंदम पुन्हा नायक होतो. न्यावयास आलेल्या माणसाबरोबर अदिती त्याच गर्दीतून चालत निघून जाते. गर्दीला तिच्याकडे पाहण्याचे काही कारण नसते.