मुक्कामाचा कागद : परमुलखातील रोजगार आणि मराठी लेखन

परदेशस्थ मराठी माणसाची कथा आपल्या दिवाळी अंकांत आता चांगली स्थिरावली आहे. तिचे टप्पे नियमित वाचकाला पाठ असतात : विमानतळावरचा निरोप, पहिला बर्फ, रात्री-अपरात्री येणारा आईचा फोन, महाराष्ट्र मंडळाचा फराळ आणि अखेरीस मराठी न बोलणारी मुले. ही कथा खोटी नाही. पण ती सुरू होते तेव्हा तिच्या नायकाचे घर झालेले असते आणि कायम वास्तव्याचा परवाना त्याच्या कपाटात असतो. त्याआधीची वर्षे, म्हणजे मुदतीच्या परवान्यावर राहण्याची, नोकरी शोधण्याची, मिळालेली टिकवण्याची आणि गेलीच तर दिवस मोजण्याची, एखाद्या परिच्छेदात आटोपलेली असतात. ‘सुरुवातीला फार हाल काढले’ एवढ्या वाक्यावर लेखक पुढे सरकतो. त्या गाळलेल्या परिच्छेदाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न मला धारणीत राहून पडावा याचे काहींना नवल वाटेल. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या या तालुक्याच्या गावाचा आणि अमेरिकेतल्या परवान्यांचा संबंध काय? संबंध असा की खरिपाचे पीक निघाले, दिवाळी झाली, की आमच्या एस.टी. स्टँडवर कोरकू कुटुंबे भांडी, अंथरुणे आणि लेकरे घेऊन उभी राहतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी हरभऱ्याच्या सोंगणीला. परतवाडा, अकोट, अमरावती, नाहीतर सीमेपलीकडे बऱ्हाणपूर. बहुतेक जण परततात होळीला, कारण कोरकूंचा मोठा सण तोच. या जाण्याला आमच्याकडे ‘कामाले गेला’ एवढेच म्हणतात. विमानाने जाणाऱ्यासाठी मात्र ‘परदेशी स्थायिक झाला’ असा भारदस्त शब्दप्रयोग तयार असतो, तो स्थायिक झालेला नसला तरी.

आपल्या शब्दसंग्रहातच ही वाटणी आहे. ‘परदेश’ शब्दातला ‘देश’ पूर्वी आजच्याएवढा मोठा नव्हता. कोकणातला माणूस घाट चढला की ‘देशावर’ येई. गाव सोडावे लागलेला ‘देशोधडीला’ लागे. मुलूख बदलला की माणूस परका होई, त्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. पुढे राष्ट्राची सीमा ठळक झाली, तसे समीक्षेनेही दोन कप्पे केले. समुद्रापलीकडे गेलेल्याचे लेखन ‘अनिवासी साहित्य’ झाले. घाट उतरून गेलेल्याची नोंद ‘स्थलांतर’ या मथळ्याखाली समाजशास्त्राकडे गेली. एकाला मन मिळाले, दुसऱ्याला आकडेवारी.

हे कप्पे बाजूला ठेवून काही परिचित पुस्तके वाचली तर वेगळे दिसते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून आपण तो १८५७ च्या बंडाचा आणि झाशीच्या राणीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून वाचत आलो. पण वरसईचा हा भिक्षुक घराबाहेर पडला तो इतिहास पाहण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असे कळले म्हणून काका रामभटांसह तो उत्तरेकडे निघाला. म्हणजे हे मूळचे एका रोजगार शोधणाऱ्याचे पुस्तक आहे. त्या काळी परवान्याची जागा जात, विद्या आणि ओळख यांनी घेतली होती. उत्तरेतल्या मराठी दरबारांच्या आश्रयाने दशग्रंथी ब्राह्मणाला पान मांडले जाई. बंड उसळले, तसे हे आश्रयच कोसळू लागले आणि कालपर्यंत दार उघडणारी ओळख निरुपयोगी झाली. वाटेत लुबाडणूक सोसून गोडसे भटजी परतले ते संपत्ती नव्हे, गंगेची कावड घेऊन. ज्याचा मुक्काम दुसऱ्याच्या मर्जीवर असतो, त्याच्यासाठी राज्यक्रांती म्हणजे आधी यजमान नाहीसा होणे, हे या पुस्तकाइतके स्वच्छ मराठीत क्वचितच उतरले असेल.

विदर्भातले दुसरे उदाहरण डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे. वर्ध्यात जन्मलेले खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत गेले, शेतकीचे शिक्षण घेतले, गदर चळवळीत पडले. पहिल्या महायुद्धात इराणकडे, पुढे बर्लिन, मॉस्को आणि १९२० च्या दशकात मेक्सिको असा त्यांचा प्रवास झाला. ब्रिटिश राज्य असेपर्यंत मायदेश बंदच होता. मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केले. दिएगो रिवेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. वीणा गवाणकरांच्या चरित्रामुळे मराठी वाचकाला हे आयुष्य परिचित आहे. तरी आपल्या स्मरणात उरतो तो क्रांतिकारक. पाठीशी सरकार नाही अशा माणसाला अनोळखी भाषेच्या देशात पगाराची नोकरी कशी मिळते, हा प्रश्न आपण त्या आयुष्याला विचारत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर पिस्तुलात नसून पदवीत आहे. ज्या देशाला शेती सुधारायची होती, त्याला शेतकीचा जाणकार हवा होता.

त्याच काळात अमेरिकेची दारे भारतीयांना बंद होत होती. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा वर्ज्य ठरला. १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाला अपात्र ठरवले. १९४६ च्या कायद्याने ते खुले झाले, तेही वर्षाला १०० जणांच्या प्रवेशापुरते. म्हणजे कौशल्य माणसाला दारापर्यंत नेते, पण दार उघडणे कागदाच्या हाती असते. खानखोजे यांना मेक्सिकोत मिळाले ते अमेरिकेत राहून मिळणे अवघड होते.

आता देशातल्या देशात परके ठरलेल्यांकडे वळू. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे नावच ‘उपरा’ (१९८०). टोपल्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ही कथा. काम आहे तोवर गाव थारा देते; काम संपले की उचला बिऱ्हाड. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मागे (१९८७) तर कायद्याचीच सावली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा समाजांवर पोलिसांची हजेरी लादली; गाव सोडायचे तर परवाना लागे. १९५२ साली कायदा गेला, वहीम राहिला. गायकवाडांच्या कथनात लातूरच्या सूतगिरणीतली नोकरी येते तेव्हा मला ‘हजेरी’ या शब्दाचा प्रवास दिसतो. जी हजेरी आजोबांच्या पिढीला बेड्यांसारखी होती, तीच गिरणीच्या वहीत नातवाला कामगार ठरवते. नोंद तीच, पण पगार देणारी. या दोन पुस्तकांवर ‘दलित-भटक्यांची आत्मकथने’ म्हणून आपण पुष्कळ लिहिले. ‘मुक्कामाचा हक्क नसताना काम शोधणाऱ्यांचे लेखन’ म्हणून ती खानखोजे यांच्या चरित्राशेजारी ठेवून पाहिली नाहीत.

ती तशी ठेवली की मेळघाटाचा इतिहासही वेगळा वाचता येतो. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत अमरावती आणि निमाड एकाच प्रांतात होते. धारणीहून बऱ्हाणपूरला जाणे म्हणजे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाणे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, निमाड मध्य प्रदेशात राहिला आणि कोरकूंच्या वस्तीमधून राज्याची रेघ गेली. अनुसूचित जमातीचा दर्जा राज्यापुरता असतो. दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथल्या सवलती मागता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले. भाषा तीच, देव तेच, सोयरीक तीच. पण रेघेपलीकडे कागद परका.

याहून चमत्कारिक गोष्ट राज्याच्या आत होती. विदर्भातील जमातींची जुनी यादी मोजक्या तालुक्यांपुरती होती. त्यांत मेळघाट होता, शेजारचा अचलपूर नव्हता. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या कायद्याने उठली. तोवर मेळघाटातला कोरकू कागदोपत्री आदिवासी, आणि घाट उतरून अचलपूरच्या सपाटीवर कायमचा राहू लागलेला त्याचा भाऊ आदिवासी नाही! काम शोधायला खाली जायचे तर ओळख वर ठेवून जायचे. परदेशी परवान्यावर राहणाऱ्याची कोंडी आणखी काय वेगळी असते?

ती कोंडीही तपशिलाने समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने आलेला एच-१बी परवाना मालकाच्या अर्जावर मिळतो, साधारणपणे सहा वर्षांपर्यंत. नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यास किंवा देश सोडण्यास जास्तीत जास्त ६० दिवस. रोजगाराच्या वाटेने कायम वास्तव्याच्या वर्षाला सुमारे १,४०,००० जागा, आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा; म्हणून भारतीयांची रांग इतकी लांब. धारणीतच वाढलेला माझा एक विद्यार्थी या रांगेत आहे. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली तेव्हा फोनवर म्हणाला, “सर, काम येते का हे नंतर विचारतात. आधी विचारतात, स्पॉन्सरशिप लागेल का? ‘हो’ म्हटलं की बोलणं संपलं.” त्याच आठवड्यात स्टँडवर एक मुकादम कोरकू पोराला विचारत होता, “आधार आनला काय रे? अन् बँकेचं पुस्तक?” पोरगा म्हणाला, “आधार आहे भाऊ, पुस्तक घरीच राह्यलं.” मुकादमाने पुढच्याकडे मान वळवली. कौशल्याचा प्रश्न दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर होता.

येथे घाईने समीकरण मांडणे मात्र अन्यायाचे होईल. माझा विद्यार्थी निवड करून गेला आहे. परतला तर त्याच्यासाठी पुण्यात नोकरी आहे. कोरकू पोराची निवड भुकेने केलेली असते. उलट, तो या देशाचा नागरिक आहे. देशभर फिरण्याचा आणि कोठेही राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला. त्यात कंत्राटदाराने छायाचित्रासह पासबुक द्यावे, विस्थापन भत्ता द्यावा, अशी तरतूद होती. मी स्टँडवर विचारले त्यांपैकी कोणीही असे पासबुक पाहिलेले नव्हते. एकाला हक्क नाही पण नियम लेखी आहेत. दुसऱ्याला हक्क आहे, पण तो दाखवायचा कोणाला हेच ठाऊक नाही. तुलनेचा उपयोग दोघांना एक ठरवण्यासाठी नाही, हा फरक दिसावा म्हणून आहे.

मराठी साहित्याने मेळघाटाकडे पाहिले ते जंगल, वाघ आणि कुपोषण या तीन खिडक्यांतून. १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट आला. नव्वदच्या दशकात बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. त्या लिहिणे आवश्यकच होते. पण या तिन्ही चौकटींत कोरकू माणूस जागचा हलत नाही. तो जंगलात रुजलेला, नाहीतर मरणाला टेकलेला. वर्षातले चार महिने तो शहरात असतो, मजुरीचा भाव करतो, मोबाइलवर पुढच्या कामाची चौकशी करतो, घरी कोरकू, मुकादमाशी हिंदी आणि दुकानात वऱ्हाडी बोलतो, हे आपल्या लेखनात येत नाही. तीन भाषांतून वाट काढणारा हा माणूस न्यू जर्सीतल्या संगणक अभियंत्याइतकाच आधुनिक आहे. उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोलीला कादंबरीची प्रतिष्ठा दिली, कौतिकचा संसार टिकवण्याचा झगडा त्या बोलीत उभा केला. तेवढ्या ताकदीची कामाला गेलेल्या कोरकू बाईची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

परदेशस्थ लेखनातही हीच उणीव उलट बाजूने आहे. तिथे मन भरपूर आहे, कागद नाही. स्मरणरंजन ही स्थिरावलेल्याची चैन आहे. ज्याचा मुक्काम ६० दिवसांवर आला आहे त्याला आठवणींना फुरसत नसते. मुदतीवर राहणारा मनुष्य मालकाशी भांडत नाही, घर घेत नाही, आजारी बापाला भेटायला जाण्यापूर्वी परवाना तपासतो. ही केवळ परिस्थिती नव्हे, हा स्वभाव घडवणारा अनुभव आहे, आणि स्वभाव हा तर कथेचा विषय. तो गाळल्यामुळे आपली अनिवासी कथा पन्नास वर्षे विमानतळ आणि फराळ यांच्यामध्ये घुटमळते आहे.

म्हणून परमुलखातल्या रोजगारावरचे कोणतेही लेखन वाचताना समीक्षकाने तीन साधे प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो. हा माणूस इथे कोणाच्या सहीवर राहतो? ती सही किती दिवसांची? आणि त्या सहीमुळे त्याला कोणते वाक्य बोलता येत नाही? गोडसे भटजींच्या प्रवासाला, खानखोजे यांच्या चरित्राला, ‘उपरा’ला आणि बोस्टनहून आलेल्या कथेला हे प्रश्न सारखेच लागू पडतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या लेखनात सापडेल, ते धारणीचे की डेट्रॉइटचे हे विचारण्याची गरज उरणार नाही.