नैतिक विधाने सत्य असू शकतात काय? मॅकी यांच्या प्रमादसिद्धांताचे परीक्षण

‘गोंडांच्या जमिनी इतरांच्या हाती गेल्या, हा अन्याय झाला.’ आदिलाबाद जिल्ह्यात धर्मसेवा करणाऱ्यांस हे विधान परके नाही. त्याचा पूर्वार्ध महसुली दप्तरावरून पडताळता येतो. उत्तरार्ध कशावरून पडताळावा? ऑक्सफर्ड येथे अध्यापन केलेले ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ जॉन लेस्ली मॅकी यांनी १९७७ साली ‘एथिक्स : इन्व्हेंटिंग राइट अँड राँग’ या ग्रंथात दिलेले उत्तर असे की, तो कशावरूनही पडताळता येणार नाही, कारण तो असत्यच आहे. आपल्या व्यासपीठांवरून या मताचा उल्लेख ‘नास्तिकांचा स्वैराचार’ म्हणून होतो. त्याने काही साधत नाही. मत प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

नैतिक विधाने म्हणजे केवळ भावनेचे उद्गार, असे ए. जे. एअर यांनी १९३६ साली मांडले होते. मॅकी तसे म्हणत नाहीत. त्यांच्या मते ‘अन्याय झाला’ असे म्हणणारा मनुष्य खरोखरच एका वस्तुस्थितीचा दावा करीत असतो. मात्र तशी वस्तुस्थिती जगात नसते. ‘शनीच्या दृष्टीमुळे पीक बुडाले’ हे वाक्य अर्थपूर्ण आहे, प्रामाणिकपणे उच्चारलेलेही असेल, तरी ते खोटे आहे. सर्व नैतिक विधानांची गत हीच, असा हा प्रमादसिद्धांत. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. या सिद्धांताने जमीन बळकावणाऱ्याचीही सुटका होत नाही. ‘मी केले ते योग्यच केले’ हे त्याचे विधानही तितकेच असत्य ठरते.

मॅकी यांचा पहिला युक्तिवाद नैतिक मतभेदांवर आधारलेला आहे. समाजासमाजांत नीतीच्या कल्पना भिन्न असतात, आणि त्या त्या समाजाच्या जीवनपद्धतीतून त्या उपजतात. यास नुसते ‘मतभेद तर शास्त्रातही असतात’ असे उत्तर देणे पुरेसे नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा शासकीय आकडा १३. लोक सांगतात तो याहून कितीतरी मोठा. आकड्याविषयी वाद आहे, म्हणून खरा आकडा नाहीच, असे कोणी म्हणणार नाही. पण मॅकी म्हणतील, तेथे वाद अपुऱ्या पुराव्याचा आहे. नीतीतील वाद तसा नाही.

तेव्हा नीतीचाच वाद तपासू. निजामाच्या राज्यात राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे कसणारा गोंड कायद्याच्या दृष्टीने अतिक्रमणदार ठरला. कुमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे मारले गेले, ते याच संघर्षात. पुढे तेलंगणाच्या सपाट मुलखातून व मराठवाड्यातून (म्हणजे आपल्याच भाषेचे) लोक येऊन वसले. सावकारी कर्जापायीही जमिनी गेल्या. क्रिस्टॉफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या १९८२ च्या ग्रंथात ही हकीकत विस्ताराने नोंदविली आहे. या संपूर्ण वादात ‘दुसऱ्याची जमीन लुबाडणे चांगले’ असे कोणत्याही पक्षाने म्हटल्याचे दिसत नाही. जंगल सरकारचे आहे, आम्ही दाम मोजले आहेत, कर्ज फेडले नाही, हीच समर्थने. ती सारी न्यायाच्या भाषेतील आहेत. वाद होता तो जमीन कोणाची, याचा. अर्थात सर्वच मतभेद असे विरघळत नाहीत. जमीन कुळाच्या वहिवाटीने धरावी की एकेकाच्या नावच्या पट्ट्याने, हा जीवनपद्धतीचाच भेद होता, आणि तेवढ्यापुरते मॅकी यांचे म्हणणे मान्य करावे लागते.

दुसरा युक्तिवाद अधिक खोल आहे. ‘हे करू नये’ ही आज्ञा माझ्या इच्छेची पर्वा न करता मला बांधते. इच्छानिरपेक्ष रीतीने बांधणारी वस्तू विश्वात असेल, तर ती इतर सर्व वस्तूंहून विलक्षण असली पाहिजे. अशा वस्तूवर विश्वास का ठेवावा? येथे पटवाऱ्याचे उदाहरण घ्या. दप्तरात जमीन एका गोंडाच्या नावे स्पष्ट नोंदलेली आहे. पटवाऱ्याची इच्छा असो वा नसो, त्याने ते मानले पाहिजे. हे ‘मानले पाहिजे’ही इच्छानिरपेक्षच आहे. नीतीतील बंधन विलक्षण म्हणून टाकावयाचे, तर पुराव्याचे बंधनही टाकावे लागते. मग मॅकी यांचा युक्तिवाद आम्ही का स्वीकारावा? बार्ट स्ट्रूमर यांनी २०१७ साली हे टोक गाठलेच : त्यांच्या मते असा सर्वव्यापी प्रमादसिद्धांत सत्य आहे, परंतु त्यावर विश्वास ठेवणे आपणांस शक्य नाही. एवढे मोल देण्यापेक्षा विलक्षण वस्तू विश्वात आहेत असे मानणे मला सोपे वाटते.

ईश्वर मानला तर वस्तुनिष्ठ आदेशांस जागा मिळू शकेल, हे मॅकी स्वतःच मान्य करतात. ते ईश्वरच मानीत नाहीत, एवढेच. हा कबुलीजबाब हाती घेऊन ‘देव नाही तर नीती नाही’ असा प्रवचनाचा विषय करण्याचा मोह होतो. तो आवरावा. ईश्वर आज्ञा देतो म्हणून कृत्य चांगले, की चांगले म्हणून तो आज्ञा देतो, ही प्लेटोच्या ‘युथिफ्रो’तील अडचण तेवढ्याने सुटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी नैसर्गिक नियमास शाश्वत नियमातील सहभाग म्हटले, तो मार्ग अधिक भक्कम आहे. शिवाय फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या ‘मॉरल्स अँड मेरिट’ (१९६७) या ग्रंथावरून असे दिसते की, मरणोत्तर गती पापपुण्यावर अवलंबून न मानणाऱ्या आदिवासी समाजांतही उचित-अनुचिताचा विवेक जागा असतो. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने परराष्ट्रीयांविषयी जे लिहिले, त्याचे याहून चांगले भाष्य आमच्या धर्मशिक्षकांस क्वचितच मिळेल.

मॅकी यांच्या ग्रंथाचा पहिला अध्याय सेमिनरीत मुळातून वाचला जावा. उत्तरार्ध मात्र उणा वाटतो. तेथे नीती म्हणजे माणसांच्या तोकड्या सहानुभूतीवर परस्परहितासाठी योजिलेला उपाय ठरते. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही आणि ज्याच्या रोषाची कोणास भीती नाही, त्याला या करारात कोण घेणार? राखीव जंगलाच्या सीमेवरील गोंडाची स्थिती नेमकी तीच होती, आणि त्याच्या तक्रारीस द्यावयाचे समाधानकारक उत्तर मला या ग्रंथात आढळले नाही.