ईयोबाचे गडी

दुःख भोगणाऱ्यालाच दुःखाचा दोषी ठरवायचे, हा धर्माच्या नावाने चाललेला फार जुना उद्योग आहे. यहुदी धर्मग्रंथातील ‘ईयोब’ हे पुस्तक नेमका यावरच घाव घालते. म्हणून ते आपण वाचले पाहिजे, असे मला वाटते.

ईयोब निर्दोष आहे, हे पहिल्याच अध्यायात स्पष्ट केले आहे. तरी त्याची संपत्ती, मुले, आरोग्य सारे जाते. सांत्वनाला आलेले अलीफज, बिल्दद आणि सोफर एकच सिद्धान्त लावून धरतात: देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, तेव्हा तू पापी असलाच पाहिजेस. हा सिद्धान्त वाचवण्यासाठी २२ व्या अध्यायात अलीफज कसलाही पुरावा नसताना ईयोबावर गोरगरिबांना नागवल्याचा आरोप करतो. ‘मागल्या जन्मीचे भोग’ हे उत्तर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. फरक एवढाच की, इथे शेवटी देवच या मित्रांना चूक ठरवतो. देवाची बाजू घेऊन केलेली लबाडीही लबाडीच ठरते!

ईयोबाची वेदना स्वतःपुरती राहत नाही. २४ व्या अध्यायात त्याला उपाशीपोटी दुसऱ्याच्या पेंढ्या वाहणारे आणि द्राक्षकुंड तुडवताना तहानलेले मजूर दिसतात. ३१ व्या अध्यायात आपल्याला घडवणाऱ्यानेच आपल्या दासालाही घडवले, हे तो मान्य करतो.

पण माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. पहिल्या अध्यायात ईयोबाकडे चार निरोप येतात. त्यांपैकी तीन निरोपांत गडी मेल्याची वार्ता आहे. शेवटी सारी भरपाई होते: ७,००० मेंढरांची १४,००० होतात, ३,००० उंटांचे ६,००० होतात, पुन्हा दहा मुले होतात. मेलेल्या गड्यांचा हिशेब मात्र कुठेच नाही. परीक्षा मालकाची, जीव गड्यांचे गेले. त्यांचे पाप कोणते, हे मित्र विचारत नाहीत, ईयोब विचारत नाही, आणि वावटळीतून बोलणारा देवही सांगत नाही.

ईयोबाने मित्रांना दिलेला नकार मला आपला वाटतो. दुःखाचे कारण भोगणाऱ्याच्या पापात नाही, हे त्याने ठामपणे सांगितले. परंतु ते कारण माणसांच्या व्यवहारात शोधायचे, तर आपले वाचन त्या तीन निरोपांपासून सुरू झाले पाहिजे.