पोळी आणि टाळी

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण राजाश्रयाचा विषय निघाला की हटकून आठवते. सरकारी द्रव्याने कलावंताची वाणी बोथट होते, असा तिचा रोख. मग द्रव्य देणारी सरकारे एक नसून अनेक असली तर? सर्वांना रुचेल तेवढेच बोलावयाचे, म्हणजे वस्तुतः काहीच बोलावयाचे नाही, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे.

युरोप परिषदेने १९८८ साली स्थापन केलेल्या ‘युरिमाज’ या चित्रपट-निधीसंबंधी ही भीती वारंवार व्यक्त झाली आहे. निरनिराळ्या सदस्य-राष्ट्रांतील किमान दोन निर्मात्यांनी एकत्र यावे, ही त्याच्या साहाय्याची मूळ अट. अट रास्त खरी. परंतु तिच्यापायी भागीदारी आधी आणि कथा मागाहून, असा उलटा क्रम लागू शकतो. एका देशाचा नट, दुसऱ्याचे स्थळ, तिसऱ्याचा संगीतकार! अशा निर्मितीला तिकडचे टीकाकार ‘युरो-पुडिंग’ म्हणून हिणवितात. आपण खिचडी म्हटले असते. पण खिचडीला निदान चव असते.

या पार्श्वभूमीवर दानिस तानोविच या बोस्नियन दिग्दर्शकाचा ‘नो मॅन्स लँड’ (२००१) हा चित्रपट विचारात घेण्याजोगा आहे. मराठी रसिकांना तो वेगळ्याच कारणाने आठवेल. २००२ साली आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’ला मागे टाकून परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर त्यानेच पटकाविले. बोस्निया, स्लोव्हेनिया, फ्रान्स, इटली, बेल्जियम आणि ब्रिटन अशा सहा देशांचा त्यात वाटा होता आणि युरिमाजचे साहाय्यही.

कथा १९९३ मधील युद्धाची. दोन फळ्यांमधल्या खंदकात एक बोस्नियन आणि एक सर्ब सैनिक अडकले आहेत. तिसरा एका सुरुंगावर पडून आहे. तो हलला की स्फोट अटळ. वैरी असलेल्या त्या दोघांची भाषा एकच. त्यांच्या ओळखीची एक मुलगीही एकच निघते. सोडवावयास आलेल्यांची भाषा मात्र परकी. येथे अनेक भाषा आल्या त्या भागीदारांच्या यादीतून नव्हे, कथेच्या गरजेतून. सीमारेषा हिशेबाच्या वहीत न राहता कलाकृतीच्या गाभ्यात शिरली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा चित्रपट संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या हतबलतेवर निर्दयपणे बोट ठेवतो. आणि त्या सेनेत फ्रान्स व ब्रिटन यांचेच सैनिक होते. अखेरीस सुटकेचा देखावा करून सारे निघून जातात, सुरुंगावरचा माणूस मात्र तेथेच राहतो. पोळी खाल्ली, टाळी वाजविली नाही.

चित्रपट निर्दोष नाही. इंग्रज कर्नलाचे चित्र व्यंग्यचित्राच्या अंगाने गेले आहे, आणि त्यामुळे उपहासाची धार थोडी स्वस्त होते. शिवाय एका यशाने साऱ्या योजनेचे समर्थन होत नाही. उत्तम कलाकृती कोणत्याही समितीला मागणी नोंदवून मिळत नसते.

तरीही मंजुरीची टिप्पणी लिहिण्यात ज्यांची हयात जाते, अशा आपणांसारख्यांनी एक बोध घ्यावा. भागीदार किती, हे कोणीही मोजील. हे सहकार्य कृतीतूनच उपजले आहे काय, आणि देणाऱ्यालाच बोचणारे काही तीत असले तरी ती मंजूर होईल काय, हे दोन प्रश्न अर्जाच्या नमुन्यात नसतात. सार्वजनिक आश्रयाची खरी कसोटी तेथेच लागते.