पाय ओढणारे आणि पाय खेचणारे

शरीराच्या अवयवांवरच्या इंग्रजी वाक्प्रचारांची एक पीडीएफ इस्लापूरपासून पुण्यापर्यंत व्हॉट्सअॅपवर फिरत असते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, खाली 'मुलाखतीसाठी उपयुक्त'. अर्थ बहुधा बरोबर असतात. खोट वेगळीकडेच आहे.

'पुल समवन्स लेग'समोर 'थट्टा करणे' लिहिलेलं असतं. पण मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं, आणि यादी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मग नवी नोकरी लागलेला मुलगा मॅनेजरला कळवळून सांगतो, 'माय सीनियर इज पुलिंग माय लेग.' मॅनेजर हसतो. तक्रार तिथेच मरते.

'स्टमक' त्याहून फसवं. आपण चूक पोटात घालतो, त्यात मोठेपणा असतो. इंग्रजीत हे क्रियापद बहुतेक नकारातच येतं, 'आय कान्ट स्टमक इट', आणि त्यात क्षमेचा लवलेश नाही. यादीत मात्र नुसतं 'सहन करणे'. नाक मुरडणं, पाठ फिरवणं हे दोन्हीकडे सारखंच आहे. त्यांनाही उगाच क्रमांक दिलेले असतात.

कंपनीच्या सैन्यातून आलेला जेम्स मोल्सवर्थ याच अडचणीत उलट्या बाजूने सापडला होता. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. त्यात 'हात' किंवा 'डोळा' काढून बघा. वाक्प्रचार क्रियापदासकट येतात, आणि कित्येक नामांपुढे कोणतं क्रियापद लागतं हेही तो नोंदवतो. मला ते फंक्शनच्या सिग्नेचरसारखं वाटतं: काय आत जातं, काय बाहेर येतं. त्याची इंग्रजी आज जुनाट वाटते, पण परक्याला नेमकं कुठे अडतं हे त्याला कळलं होतं. आपल्या यादी करणाऱ्यांना ते कळलेलं नाही.

'कोल्ड फीट'समोर 'घाबरणे' लिहून भागत नाही. साप दिसला म्हणून कुणी ते म्हणत नाही. क्रियापद 'गेट'. आधी काहीतरी ठरलेलं हवं: लग्न, राजीनामा, दुबईचं तिकीट. ऐन वेळी पाय मागे येतो तेव्हा म्हणायचं, 'ही गॉट कोल्ड फीट.' एवढ्या चार ओळी लिहिल्या, तर शंभरऐवजी वीस वाक्प्रचारांची यादीही चालेल.