साक्ष कोण लिहितो?

'कोर्ट' या मराठी चित्रपटाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला, त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पुढे भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठवला गेला. समीक्षकांनी दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांच्या संयमाचे, लांबलचक दृश्यांचे, जागचा न हलणाऱ्या कॅमेऱ्याचे कौतुक केले. ते कौतुक खोटे नाही. पण कलाकृती कशी बांधली आहे एवढेच सांगून जी समीक्षा थांबते, ती आरोपीला पिंजऱ्यात सोडून घरी निघून जाते. मी कायद्याचा मास्तर आहे. नागपूरच्या एका कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांना मसुदालेखन शिकवतो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. तेव्हा हा चित्रपट मी जिथे उभा राहून पाहिला, तिथूनच त्याच्याविषयी बोलणार.

सदरमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत दहाबारा विद्यार्थी दाटीवाटीने बसले होते. इथून उच्च न्यायालयाची दगडी इमारत पायी जाण्याच्या अंतरावर आहे, पण त्यातल्या अर्ध्या मुलांनी ती आतून पाहिलेली नव्हती. पडद्यावरचा लोकशाहीर नारायण कांबळे मात्र त्यांच्या ओळखीचा निघाला. ती भूमिका करणारे वीरा साथीदार याच शहरातले, चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते नागपुरातच गेले. त्यांना पाहून पोरे सावरून बसली.

कांबळेवर आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. हा आरोप हास्यास्पद आहे हे प्रेक्षकाला पहिल्या क्षणी कळते. न्यायालयाला ते कळायला तारखांवर तारखा लागतात. पण माझ्या दृष्टीने चित्रपटाचा गाभा आरोपात नाही. तो एका साध्या कृतीत आहे. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, न्यायाधीश ते ऐकतात आणि टंकलेखकाला इंग्रजीत सांगतात. कागदावर जे उमटते ते साक्षीदाराचे बोलणे नसते, ते न्यायाधीशांचे वाक्य असते. मृत कामगाराची बायको सांगते, की संरक्षणाचे कुठलेही साहित्य त्याला मिळत नव्हते. एका आयुष्याची ही राख. तिचेही दोनचार वाक्यांत टिपण होते. कांबळेची बाजू मांडणाऱ्या वकिलालाही मराठी नीट समजत नाही, कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालावे अशी विनंती तो करतो. माणूस प्रामाणिक आहे, अशिलासाठी झटतो. तरीही ज्या शब्दांसाठी खटला उभा राहिला, ते शब्द त्याच्या घरचे नाहीत.

हे दृश्य आले तेव्हा मला माझा बाप आठवला. मी शाळेत होतो. बांधाच्या भांडणात गावातल्या एकाने त्याला भर चौकात, लोकांच्या देखत, जातीवरून बोलले. बाप ठाण्यात गेला. जे घडले ते त्याने जसेच्या तसे सांगितले. लिहिणाऱ्याने लिहिले : 'शिवीगाळ केली.' जात गेली, चौक गेला, पाहणारे लोकही गेले. बापाने खाली अंगठा दिला. ॲट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांच्या देखत झाला की नाही, जातीवरून झाला की नाही, यावर सारे अवलंबून असते. नेमके तेच दोन शब्द कागदावर नव्हते. प्रकरण साधे भांडण म्हणून मिटले. बाप खोटे बोलला नव्हता, त्याचे खरे लिहिले गेले नाही एवढेच. फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवलीच पाहिजे, आणि त्यात कसूर करणारा सरकारी नोकर शिक्षेला पात्र आहे, असे स्पष्ट कलम २०१५ च्या दुरुस्तीने आले. बापाला त्याचा काय उपयोग?

आता आमच्या अभ्यासक्रमाकडे वळू. कायद्याच्या पदवीला व्यवहाराची जोड द्यावी म्हणून बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले आहेत : मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटानिवारण, आणि मूट कोर्ट व प्रत्यक्ष कामाचा अनुभव. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या पदवीला २० आठवडे वकिलाकडे किंवा तत्सम ठिकाणी काम करावे लागते. योजना चांगली आहे. पण गुणांची वाटणी पाहा. मूट कोर्टला ३० गुण. त्यात पोराने काळा कोट घालून, बहुधा इंग्रजीत, न घडलेल्या खटल्यात युक्तिवाद करायचा. अशिलाच्या मुलाखतीला १५ गुण. आणि त्यातही विद्यार्थ्याने मुलाखत घ्यायची नसते. दोन मुलाखती बघायच्या आणि वहीत नोंदवायच्या असतात. म्हणजे बोलायला तीस, ऐकायला पंधरा, आणि ऐकणेही दुसऱ्याचे. मसुदालेखनाचे ३० मसुदे मुले जुन्या वह्यांतून उतरवून काढतात. त्या मसुद्यांमागे माणूस नसतो, 'अ' आणि 'ब' असतात. 'अ' ला जात नसते.

जात न लिहिली जाणे म्हणजे काय, हे विदर्भाला सांगायला नको. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले. २०१० साली नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. दोन्ही ठिकाणी खून सिद्ध झाला, ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला नाही. सारा देश ज्याला जातीय हत्याकांड म्हणत होता, ते निकालपत्रात सुडाचे कृत्य ठरले. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत नागपुरात वारले.

याची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. चवदार तळ्याचा दावा स्पृश्यांनी १९२७ साली लावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यात प्रतिवादी होते. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की अनादी रूढीचा दावा वादींना सिद्ध करता आला नाही. ज्यांची रूढी, त्यांनाच तिचा पुरावा मागितला गेला आणि तो त्यांच्यापाशी नव्हता. सत्याग्रहाने पाणी हलवले, पण ते पाणी आपले आहे हे दहा वर्षे कागदावर लढावे लागले. त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि १९३६ साली त्यांनी कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर लेखही लिहिला होता. लढा आणि अभ्यासक्रम या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

म्हणून 'कोर्ट'विषयी माझी तक्रार आहे. हा चित्रपट वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो, न्यायाधीशांच्या मागे त्यांच्या सहलीला जातो. कांबळे सुरुवातीला वस्तीतल्या मुलांना शिकवताना दिसतो, नंतर मात्र तो व्यवस्थेच्या हातातला कागद होतो. व्यवस्था कशी चिरडते हे चित्रपट खरे सांगतो. ती कोणत्या टेबलावर अडवता येईल, हे तो विचारत नाही. कांबळेने शिकवलेल्या त्या मुलांपैकी एखादी उद्या वकील होऊन आली तर, ही शक्यता त्याच्या चौकटीत शिरत नाही. नागपूर खंडपीठात वकिली केलेले भूषण गवई २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, हे खरे आहे. पण एक माणूस वर पोहोचल्याने ठाण्यातले टेबल बदलत नाही.

चित्रपट संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, मी कोर्स सोडते. मूट कोर्टात माझ्या तोंडातून इंग्रजी निघत नाही." मी तिला माझ्या बापाची गोष्ट सांगितली आणि म्हटले, "त्याची फिर्याद तू लिही." तिने आधी मलाच प्रश्न विचारले. चौकात कोण कोण होते? नेमके शब्द कोणते? तो बाबांची जात ओळखत होता का? बाबांना लिहिलेले वाचून दाखवले का? मग तिने मराठीत एक पान लिहिले आणि न सांगता मला मोठ्याने वाचून दाखवले. 'शिवीगाळ' हा शब्द त्या पानावर कुठेच नव्हता.

मूट कोर्ट बंद करा असे मी म्हणत नाही. आमच्या पोरांनी इंग्रजीही कमवावी, उच्च न्यायालयाची ती भाषा आहे. पण प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असलेच पाहिजे असा नियम आहे. तिथे विद्यार्थ्याने नुसते बघत बसू नये. आलेल्या माणसाचे ऐकावे, त्याच्या शब्दांत लिहावे, त्याला वाचून दाखवावे, आणि त्याने "हो, मी हेच म्हणालो" असे म्हटल्याशिवाय गुण मिळू नयेत. त्या मुलीने कोर्स सोडलेला नाही. माझा बाप ते पान ऐकायला आज नाही.